महादरी कोठें आहे?

“मुलांच्या चित्रपटांत भूगोल कसला शोधतां?” असा प्रश्न सुशिक्षित मंडळींच्या तोंडून इतक्या सहजपणें ऐकूं येतो, कीं तो प्रश्न नसून सर्वमान्य सिद्धान्तच असावा असें वाटूं लागतें. पोरांना रंग हवेत, गाणीं हवींत, शेवटीं सर्वजण सुखरूप घरीं पोहोंचलेले हवेत; कोणता डोंगर कोणत्या दिशेस होता याची पंचाईत त्यांना नसते, आणि जे प्रौढ ती पंचाईत करतात त्यांना दुसरा उद्योग नसावा, असा या सिद्धान्ताचा भावार्थ. आमचें मत याच्या नेमकें उलट आहे. मुलांच्या गोष्टीला भूगोल लागतो, तो पक्का लागतो. आणि ज्या गोष्टीचा सारा जीव एका जागीं पोहोंचण्यांत आहे तिनें ती जागा मागाहून हवेंत तरंगत सोडली, तर ती केवळ चूक नव्हे, तो वचनभंग होय. हा आरोप आम्ही ‘द लँड बिफोर टाइम’ या डायनोसॉरांच्या चित्रपटमालेवर करीत आहों, आणि पुराव्यानिशीं करीत आहों.

ज्यांच्या घरीं लहान मुलें आहेत त्यांना ही माला ठाऊक असेल. इतरांसाठीं थोडी माहिती. पहिला चित्रपट १९८८ सालीं निघाला. डॉन ब्लूथ हे त्याचे दिग्दर्शक. स्टीव्हन स्पीलबर्ग व जॉर्ज ल्युकस हे त्याचे पाठीराखे. चित्रें सारीं हातांनीं रेखाटलेलीं. लांबी सव्वा तासाहूनही कमी. पुढें सहा वर्षांनीं, १९९४ सालीं, दुसरा भाग आला तेव्हां या तिघांपैकीं कोणीही त्या कामांत राहिला नव्हता. तेथून २०१६ पर्यंत एकामागून एक असे तेरा उत्तरभाग निघाले. ते चित्रगृहांसाठीं नव्हते. घरीं पाहण्याच्या फिती व तबकड्या म्हणून ते विकले गेले. मध्यंतरीं २००७-०८ मध्यें सव्वीस भागांची एक दूरचित्रवाणी-मालिकाही होऊन गेली.

मूळ कथा साधी आहे. दुष्काळ पडला आहे, झाडांचीं पानें संपत चाललीं आहेत, आणि डायनोसॉरांचे कळप एका हिरव्या दरीच्या शोधांत निघाले आहेत. तिला चित्रपटांत ‘ग्रेट व्हॅली’ म्हणतात. आम्ही महादरी म्हणूं. लिट्लफूट नांवाचें एक लांबमान्या जातीचें पोर आपल्या आईबरोबर व आजीआजोबांबरोबर चालत आहे. वाटेंत भयंकर भूकंप होतो, जमीन दुभंगते, आजीआजोबा पलीकडे राहतात, आणि शार्पटूथ या हिंस्र डायनोसॉराशीं झुंजतांना झालेल्या जखमांनीं आई मरते. पोरक्या लिट्लफूटजवळ उरतें तें एवढेंच: आईनें सांगितलेली वाट. सूर्याला हीं मुलें तेजाचें वर्तुळ म्हणतात. तें वर्तुळ रोज जेथें जमिनीला टेंकतें तिकडे चालावयाचें. लांबमान्यासारखा दिसणारा एक प्रचंड खडक लागेल, तो मागें टाकावयाचा. मग जळते डोंगर लागतील, तेही मागें टाकावयाचे. त्यापुढें महादरी. एक दिशा व दोन खुणा. याहून मोठा नकाशा त्याच्यापाशीं नाहीं.

या नकाशांत एक गोष्ट अशी आहे, कीं जिच्यामुळें आम्ही हा चित्रपट उत्तम बालवाङ्मयांत गणतों. आईनें महादरी स्वतः कधीं पाहिलेलीच नाहीं. मुलगा विचारतो, तेव्हां ती तें सरळ कबूल करते. म्हणजे ही वाट अनुभवाची नव्हे, ऐकीव आहे. ती आईला तिच्या वडीलधाऱ्यांकडून मिळाली असणार, त्यांना त्यांच्या वडीलधाऱ्यांकडून. अशा वाटेवर एक मूल विसंबतें. त्याच्याबरोबर सेरा ही तीनशिंगी मुलगी असते. तिचा वाटेवरून वाद होतो, ती सोपी वाट धरते, आणि बाकीचीं पोरेंही तिच्यामागें जातात. त्या सोप्या वाटेवर कोणी तप्त लाव्हांत अडकतें, कोणी डांबरांत रुततें. आईनें सांगितलेली वाट अवघड असते, आणि तीच खरी निघते. खडक जेथें असावयाचा तेथें असतो. डोंगर जेथें जळावयाचे तेथें जळत असतात. चित्रपटाचें सारें सामर्थ्य या दोन साध्या घटनांत आहे: न पाहिलेल्या जागेविषयीं मेलेल्या आईनें सांगितलेला शब्द जमिनीवर पडताळून पाहिला आणि तो उतरला. ज्या भूमीवर तो उतरला ती भूमि यापुढें सजावटीचा पडदा राहत नाहीं; ती साक्षीदार होते, आणि साक्षीदारानें दर खेपेस जबानी बदलून चालत नाहीं.

येथें एक गैरसमज प्रथमच दूर करतों. आमची तक्रार शास्त्राची नाहीं. लिट्लफूटच्या टोळींतला स्पाइक हा स्टेगोसॉरस जातीचा; ती जात सुमारें १५ कोटि वर्षांपूर्वीं नांदत होती. सेराचे ट्रायसेरॅटॉप्स आणि शार्पटूथचे टिरॅनोसॉरस हे सुमारें ६ कोटि ७० लक्ष वर्षांपूर्वींचे. हिशेब करून पाहिल्यास सेरा ही स्पाइकला जितकी जवळ आहे त्याहून, काळाच्या मोजणीनें, तुम्हांआम्हांला अधिक जवळ आहे! पण त्यांना एका पंगतीस बसविलें म्हणून आम्ही रागावत नाहीं. चित्रपटानें कालगणनेचें वचन कोणाला दिलेलें नव्हतें. काव्यांत अशक्य असूनही पटणारें चालेल, शक्य असून न पटणारें चालणार नाहीं, असा ॲरिस्टॉटलचा अभिप्राय प्रसिद्ध आहे. आणि आमच्याकडे क्षेमेंद्रानें अकराव्या शतकांत औचित्य हाच काव्याचा प्राण ठरविला, तोही याच दिशेचा विचार. डायनोसॉर बोलतात हें आम्हांस पटलें. मग पुढें ते स्वतः जें बोलले त्याच्याशीं त्यांनीं इमान राखावें, इतकीच आमची मागणी आहे.

आतां उत्तरभागांकडे वळूं. दुसऱ्या भागांत महादरीभोंवतीं एक महाभिंत असल्याचें आपणांस समजतें. भिंतीपलीकडचा मुलूख म्हणजे ‘मिस्टीरियस बियॉण्ड’, गूढ पैलप्रदेश. अंडें पळविणाऱ्या दोन चोरांचा पाठलाग करतांना मुलांकडून दरड कोसळते, भिंतीला भगदाड पडतें, त्यांतून हिंस्र डायनोसॉर आंत शिरतात, आणि शेवटीं तें भगदाड बुजविलें जातें. कल्पना वाईट नाहीं. जें मोठ्या कष्टानें मिळालें तें राखावेंही लागतें, हें सांगावयास भिंत चांगलीच. परंतु तिसऱ्या भागांत हींच मुलें पुनः पैलप्रदेशांत जातात. पांचव्यांत जातात, सहाव्यांत जातात, सातव्यांत जातात. भिंत बुजविली होती ना? मग हीं कोठून जातात? पैलप्रदेश हा शब्द मोठीं माणसें दर भागांत भीतीनें उच्चारतात, आणि मुलें परसांतल्या विहिरीवर जावें तितक्या सहजतेनें तेथें जाऊन येतात. जाण्याचा प्रवास बहुधा तपशिलानें दाखवितात. परतीचा एका गाण्यांत किंवा एका क्षणांत उरकतात. ज्या महादरीला पोहोंचण्यासाठीं पहिल्या भागांत आयुष्यें खर्ची पडलीं तिचा उंबरठा इतका झिजला, कीं तो उंबरठा आहे याचेंही स्मरण राहूं नये!

पाण्याचा प्रश्न याहून मौजेचा आहे. १९९५ च्या तिसऱ्या भागांत आकाशांतून दगडांचा वर्षाव होतो आणि महादरीचें पाणी आटतें. शोध घेतां असें दिसतें, कीं पाणी पैलप्रदेशांतून येत होतें व तेथें दरड पडून तें अडलें आहे. आम्हांस हा भाग आवडतो, कारण येथें प्रथमच कोणीतरी विचारलें कीं दरी हिरवी कां आहे? भिंतीबाहेरच्या भयाण मुलखावरच आंतलें सुख अवलंबून आहे, हें उत्तर नुसतें भूगोलाचें नाहीं. पण मग पुढचा प्रश्नही विचारला पाहिजे. आंत आलेलें पाणी बाहेर कोठून जातें? चहूंबाजूंनीं बंद असलेल्या खोलगट जागेंत येणाऱ्या पाण्याचें काय होतें, तें पाहण्यास आम्हांस दूर जावयास नको; बुलढाणा जिल्ह्यांतलें लोणारचें सरोवर आहेच. पाण्याला बाहेर वाट नाहीं, तें केवळ वाफ होऊन जातें, आणि क्षार मागें राहतात; म्हणून तें पाणी खारें. उलट, डोंगरांनीं वेढलेलें असूनही काश्मीर हिरवें आहे, कारण झेलमला बारामुल्ल्याच्या घळीची वाट मिळाली. नीलमतपुराणांत तर अशी कथाच आहे, कीं पूर्वीं तेथें सरोवर होतें आणि डोंगर फोडून पाणी काढून दिलें तेव्हां वस्ती झाली. ती कथा रचणाऱ्यांना दरी म्हणजे काय हें बरोबर कळलें होतें. तेव्हां महादरी एक तर लोणार असली पाहिजे, नाहीं तर तिला घळ असली पाहिजे. आणि घळ असेल तर भिंतीला कायमचें दार आहे.

२००२ च्या नवव्या भागानें तें दार जवळजवळ कबूलच केलें. मोठा पाऊस होऊन दरींत नवें पाणी येतें, त्यांत मो नांवाचा एक समुद्रचर अडकलेला सांपडतो, आणि मुलें त्याला पाण्याच्या वाटेनें समुद्रास नेऊन सोडतात. म्हणजे दरींतून समुद्राला पाण्यानें जातां येतें. आतां १९९७ चा पांचवा भाग आठवा. टोळधाडीनें महादरी उजाड झाली, सारे कळप बाहेर पडले, आणि मुलें समुद्रावर पोहोंचलीं तेव्हां तो सर्वांना मोठा शोध वाटला. एकाच समुद्राच्या या दोन वाटा कीं दोन समुद्र? सूर्याच्या कोणत्या बाजूस? पहिल्या भागांत दिशा हीच आईची पहिली शिकवण होती. उत्तरभागांत ‘कोणीकडे’ हा शब्द जणुं निषिद्ध ठरला आहे.

तथापि पांचव्या भागाची आम्ही येथेंच स्तुति करूं, कारण ती त्याची कमाई आहे. मुलें जमिनीच्या एका चिंचोळ्या पट्टीवरून एका बेटावर जातात. त्यांच्यामागें तो पूल भूकंपानें व लाटेनें नाहींसा होतो. बेटावर दुसऱ्या भागांतला चॉम्पर, हिंस्र जातीचें तें पिलूं, आईबापांसह राहत असतो. परततांना एल्सी नांवाची एक समुद्रचर मुलांना पाठीवर घेऊन येते. येथें जागा उघडली तशीच मिटली. प्रत्येक वाटेचा हिशेब लागला. आणि चॉम्पर पुनः भेटणार नाहीं हें दुःख भूगोलानेंच आणलें, लेखकाच्या लहरीनें नव्हे. असा निरोप मुलें कित्येक वर्षें विसरत नाहींत. आणि दहा वर्षांनीं, २००७ च्या मालिकेंत, तोच चॉम्पर महादरींत राहावयास आलेला! त्यानें समुद्र कसा ओलांडला हें दाखविण्याची कोणाला गरज वाटली नाहीं. त्या निरोपासाठीं ज्या मुलाचे डोळे भरून आले होते, त्याचें तें रडणें या मंडळींनीं फुकट घालविलें.

यापेक्षांही मोठा घाव २००३ च्या दहाव्या भागांत आहे, आणि तो भाग एरवीं चांगला असल्यामुळें अधिक लागतो. येथें लिट्लफूटला त्याचा बाप ब्रॉन भेटतो. पिलाच्या जन्मापूर्वींच तो चांगल्या जागेच्या शोधांत निघाला होता. मागें भूकंप झाला. परत येऊन पाहतो तों घरट्याच्या जागीं कोणी नाहीं. मग तो शोधीत राहिला. या बापाची कहाणी हृदयस्पर्शी आहे यांत शंका नाहीं. पण ती खरी वाटावयाची तर महादरी सांपडण्यास कठीण असली पाहिजे. आणि या मधल्या काळांत महादरींत कोण कोण येऊन गेलें तें पाहा. चौथ्या भागांत लांबमान्यांचा एक परका कळप आला. सहाव्यांत डॉक नांवाचा एकटा भटका आला. सातव्यांत पेट्रीचा हद्दपार काका आपले दोन साथीदार घेऊन आला. आठव्यांत काटेशेपट्यांचा कळप आला. धर्मशाळेंत उतरावें तसे सारे येतात आणि जातात. सर्व जगाला जी दरी सांपडते ती फक्त एका शोधणाऱ्या बापाला सांपडूं नये! मग त्याची कहाणी करुण न राहतां संशयास्पद होते. एखादें चौकस मूल सरळ विचारील, कीं बापानें नीट शोधलेंच नसेल काय? लेखकांना हा अर्थ अभिप्रेत नव्हता, हें आम्ही जाणतों. पण नकाशा सैल सोडला कीं अर्थ आपल्या मर्जीप्रमाणें चालत नाहींत.

आणि आतां तो खडक. १९९८ च्या सहाव्या भागांत लिट्लफूटचे आजोबा मुलांना एका अज्ञात वीराची दंतकथा सांगतात. एका एकाकी लांबमान्यानें पूर्वीं सर्वांत भयंकर शार्पटूथाचा पाडाव केला, आणि त्याच्या पराक्रमाची खूण म्हणून भूमींतून एक खडक वर आला. त्याला ‘सॉरस रॉक’ म्हणतात. खडकाचा आकार? लांबमान्याचा. दरींतलीं लहान पोरेंसुद्धां चालत जाऊन त्यावर चढतात, इतक्या अंतरावर तो आहे. वाचकहो, क्षणभर थांबा. ज्या मुलाच्या आईनें त्याला लांबमान्यासारख्या खडकाची खूण सांगितली, ज्यानें त्या एका खुणेवर आपला व आपल्या सोबत्यांचा जीव टांगला, त्याच मुलासमोर त्याचे सख्खे आजोबा लांबमान्यासारख्या खडकाची गोष्ट सांगत आहेत. आणि तो मुलगा तोंडांतून अवाक्षर काढीत नाहीं! “आजोबा, हा तोच का?” हे चार शब्द त्यास सुचूं नयेत?

हा तोच खडक असेल तर केवढी गोष्ट होती! आईची खूण आणि आजोबांची दंतकथा एकाच दगडांत मिळालीं असतीं. ज्या खुणेनें मुलगा वांचला ती एका पूर्वजाच्या पराक्रमानें उभी राहिलेली असती. पण मग जळते डोंगर कोठें गेले? आईच्या सांगण्याप्रमाणें ते खडक आणि दरी यांच्या मध्यें असावयास हवेत, आणि सॉरस रॉकला जातांना ते आडवे येत नाहींत. बरें, हा दुसराच खडक मानला तर एका आकाराचे दोन खडक झाले; मग आईची खूण ही खूणच राहत नाहीं, कारण जी वस्तु दोन ठिकाणीं आहे ती वाट दाखवूं शकत नाहीं. कोणतीही बाजू घ्या, लेखकाला एका वाक्यानें निभावतां आलें असतें. तें वाक्य लिहिलें गेलें नाहीं, कारण पहिला चित्रपट लिहिणाऱ्याला जो खडक म्हणजे आईचा शब्द होता, तो या मंडळींना खडक म्हणूनसुद्धां आठवत नव्हता.

आमच्या नात्यांतल्या एका नऊ वर्षांच्या मुलीनें पुस्तकाच्या कव्हराच्या खाकी कागदावर या मुलखाचा नकाशा काढिला होता. मावळतीकडे महादरी, अलीकडे तांबड्या खडूनें जळते डोंगर, त्याअलीकडे लांब मानेचा खडक. सहावा भाग पाहतां पाहतां ती उठली, नकाशा घेऊन आली, आणि हा खडक कोठें काढूं म्हणून घरांतल्या मोठ्या माणसांना विचारूं लागली. “अग, गोष्ट आहे ती!” असें उत्तर तिला मिळालें. तें देणारे गृहस्थ सुविद्य आहेत, आणि शेक्सपिअरच्या नाटकांतल्या कालविपर्यासावर तासभर बोलूं शकतात. मुलीचा प्रश्न त्यांहून कमी योग्यतेचा कां मानावा, हें आम्हांस समजलें नाहीं. मुलांना विसंगति दिसत नाहींत हें खोटें आहे. दिसलेल्या विसंगति विचारावयाच्या नसतात, हें आपण त्यांना शिकवितों. शाळेंत पुढें हींच मुलें प्रश्न विचारीत नाहींत म्हणून आपण व्याख्यानें देतों.

दुसऱ्या एका पक्षाचाही समाचार घेणें प्राप्त आहे. तो निष्काळजी नाहीं, उलट फार भक्त आहे. त्याच्या मतें या मुलखांत कोणतीच विसंगति नाहीं. वारंवार भूकंप होतात, म्हणून वाटा उघडतात व मिटतात, डोंगर सरकतात, समुद्र जवळ येतो. हें टीकाकारांचें समन्वयाचें कौशल्य आमच्या ओळखीचें आहे. लंका कोठें होती यावर आमच्याकडे कांहीं थोडें लिहिलें गेलेलें नाहीं. इंदूरचे सरदार माधवराव किबे यांनीं तर ती अमरकंटकाजवळ नेऊन ठेविली होती. पण किबे यांनीं निदान एक जागा धरली आणि तिच्यासाठीं पुरावे दिले. भूकंपवाद्यांचें तसें नाहीं. त्यांच्या कुलुपाला कोणतीही किल्ली लागते. आणि मुख्य म्हणजे पहिल्या चित्रपटानें त्यांचें तोंड अगोदरच बंद केलें आहे. जमीन दुभंगून कळपांची ताटातूट झाली तो भीषण भूकंप त्या चित्रपटांतच झाला. आईची वाट भूकंपाच्या आधींची, मुलाचा प्रवास भूकंपानंतरचा. तरीही खडक जागच्या जागीं होता आणि डोंगर जळतच होते. भूकंपानें माणसें तुटतात पण सांगितलेली वाट टिकते, हेंच तर त्या कथेचें मर्म. भूकंपानें सारा भूगोल बदलतो असें म्हणणाऱ्यांनीं आईला खोटें पाडून चित्रपटाचा बचाव केला आहे!

याच भक्तांचा दुसरा दाखला शेरलॉक होम्सचा असतो. डॉक्टर वॉटसनला लागलेली गोळी १८८७ च्या पहिल्या कादंबरींत खांद्यांत आहे, आणि १८९० च्या दुसरींत पायांत. रोनाल्ड नॉक्स यांनीं १९११ सालीं ऑक्सफर्ड येथें जो विनोदी निबंध वाचला त्यापासून असल्या चुका गंभीर मुद्रेनें जुळविण्याचा खेळच सुरू झाला. खेळ मजेचा आहे, आम्हीही तो खेळलों आहों. पण होम्सची एकही कथा वॉटसनच्या जखमेवर उभी नाहीं. खांदा काय, पाय काय, खुनी सांपडावयाचा तो सांपडतोच. लिट्लफूटची कथा मात्र खडकावर उभी आहे. शर्टाची गुंडी तुटणें आणि घराचा खांब निखळणें यांस एकाच मापानें मोजूं नये.

स्टीव्हन्सनची गोष्ट येथें जास्त लागू पडते. ‘ट्रेझर आयलंड’चा उगम एका नकाशांत झाला, नकाशा आधीं, कथा नंतर. पुढें पुस्तक छापावयाच्या वेळीं तो मूळ नकाशा प्रकाशकाकडे जातांना गहाळ झाला, आणि स्टीव्हन्सनला स्वतःचीच कादंबरी हातांत घेऊन, तींतले सारे उल्लेख टिपून, नकाशा नव्यानें काढावा लागला. काम त्याला फार जड गेलें, पण तें झालें; कारण कादंबरींत भूगोल होता. महादरीचा नकाशा चौदा चित्रपटांवरून कोणी असा काढून दाखवावा. पहिल्या भागापुरता तो नऊ वर्षांच्या मुलीला काढतां आला. पुढच्या तेरांनीं तो पुसला.

हें कां व्हावें? चित्रकारांत कौशल्य नव्हतें असें नाहीं. पांचव्यापासून बाराव्यापर्यंतचे आठही भाग चार्ल्स ग्रोव्हनर या एकाच दिग्दर्शकाचे आहेत. तेव्हां दरवेळीं हात बदलले ही सबबही चालत नाहीं. कारण व्यापाराच्या पद्धतींत आहे. प्रत्येक भाग नव्या गिऱ्हाइकाला सुटा विकावयाचा, म्हणून प्रत्येकाच्या आरंभीं सर्वजण दरींत असले पाहिजेत आणि अखेरीसही दरींतच. मधल्या तासाभरांत नवा मुलूख हवा. पण त्या मुलखाचा कांहीं अवशेष पुढच्या भागांत उरतां कामा नये, नाहीं तर तो समजावून सांगावा लागेल. धुक्याचा प्रदेश एकदां वापरला, संपला. बेट एकदां वापरलें, संपलें. अशा रीतीनें पैलप्रदेश हा प्रदेश राहिलाच नाहीं. ती नाटक कंपनीची पडद्यांची खोली झाली. आमचा राग उत्तरभाग काढले म्हणून नाहीं. पोटासाठीं काढलेल्या उत्तरभागांतूनही चांगलें वाङ्मय निघतें, आणि तिसरा व पांचवा भाग त्याची साक्ष देतात. पण त्या दोहोंनीं दाखविलेली काळजी बाकीच्यांनीं घेतली नाहीं, आणि ती घेण्यास पैसा लागत नव्हता. आधींचा चित्रपट एकदां लक्षपूर्वक पाहावा लागत होता.

मालेचा शेवटचा भाग २०१६ चा. त्यांत ब्रॉनचा कळप महादरीकडे येत असतां वाटेंत ज्वालामुखी पेटतो, ब्रॉन लाव्हानें वेढला जाऊन अडकतो, आणि लिट्लफूट आपल्या मित्रांसह त्याला सोडविण्यास निघतो. म्हणजे अठ्ठावीस वर्षांनीं तो मुलगा पुनः जळत्या डोंगराकडे चालला आहे. पहिल्या खेपेस आईच्या शब्दावरून त्यानें तो मागें टाकला होता, आतां बापासाठीं त्याच्यावर चढावयाचें आहे. हा डोंगर आईनें सांगितलेल्यांपैकींच एक आहे काय? बरोबरची सेरा जाणते, कीं अशाच एका डोंगरापाशीं ती लिट्लफूटशीं भांडून वेगळी झाली होती. पेट्री जाणतो, डकी जाणते, स्पाइक बोलत नसला तरी जाणतो. पांचहीजण त्या ज्वाळांसमोर उभे राहतात, आणि त्यांतलें कोणीही मागें वळून पाहत नाहीं.